घरावर नोटीस आली, तर कोणाकडे जावे?



बँकेची नोटीस घरी आली की आपल्याकडे ती सर्वात आधी लपवली जाते. कोणी पेटीत ठेवतो, कोणी गादीखाली. शेजाऱ्याला कळले तर काय म्हणेल, मुलीची सोयरीक जुळायची आहे, असे शंभर विचार मनात येतात. हप्ता थकला म्हणजे जणू चोरीच केली, असे माणसाला वाटते. या लाजेवर पोट भरणारे लोक मात्र गावोगाव आहेत.

मी कारकून माणूस. बी.कॉम. झालेलो असल्यामुळे ढाणकीच्या आमच्या वस्तीत हिशेबाचा कागद आला की तो माझ्याकडे येतो. काही काळापूर्वी एक ताई अशीच नोटीस घेऊन आल्या. घर बांधायला बँकेचे चार लाख घेतले होते. यजमानांचा ऑटो चालत होता तोवर हप्ते नीट गेले. अपघातात त्यांचा पाय मोडला आणि पाच हप्ते थकले. नोटीस येऊन तेवीस दिवस झाले होते. मी विचारले, "ताई, इतके दिवस का थांबलात?" त्या म्हणाल्या, "भाऊ, एक साहेब येते घरी. म्हणते, बँकेत माझी ओळख हाये, पंचवीस हजार द्या, सेटलमेंट करून देतो. कोऱ्या स्टॅम्पवर सही करा म्हणते."

हे साहेब दारात आले की पहिला शब्द 'जयभीम' म्हणत. मला सर्वात जास्त राग त्याचाच आला. भगवान बुद्धांनी राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुणाला केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. मित्राचे सोंग घेणारे चार प्रकारचे लोक त्यात सांगितले आहेत: फक्त घेणारा, फक्त तोंडाने बोलणारा, गोड बोलून खूश करणारा आणि नाश होईल अशा कामात सोबत करणारा. या एका गृहस्थात चारही बसले होते. मी त्यांना एवढेच म्हटले की, पंचवीस हजारांची पावती तुमच्या नावाने द्या आणि बँकेने तुम्हाला नेमल्याचे पत्र दाखवा. पुन्हा ते वस्तीत दिसले नाहीत.

आता कायद्याचे पाहू. बँकेला घर ताब्यात घेण्याचा अधिकार 2002 च्या सरफेसी कायद्याने दिला आहे. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि मग 60 दिवसांची मागणी नोटीस येते. हे 60 दिवस म्हणजे आपले खरे भांडवल आहे. या मुदतीत आपले म्हणणे लेखी द्यावे; ते मान्य नसेल तर बँकेने 15 दिवसांत कारणांसह उत्तर दिले पाहिजे. तोंडी विनवणीला, मॅनेजरच्या टेबलासमोर रडण्याला कायद्यात जागा नाही. पोच घेतलेल्या अर्जाला आहे. पुढे बँकेने ताब्याची कारवाई केलीच, तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. आपल्या जिल्ह्यासाठी ते नागपूरला आहे. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही, हेही ध्यानात असू द्यावे. पतसंस्थेच्या कर्जाचा रस्ता वेगळा. तिथे सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला निघतो. म्हणून नोटीस कोणत्या कायद्याची आहे, ते आधी वाचावे.

ताईंना घेऊन आम्ही उमरखेडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे गेलो. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या माणसांना वकील मोफत मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. 1990 पासून अनुसूचित जातीत बौद्धही आले आहेत. ताईंचा हक्क असा दोन्हीकडून होता. तरी त्या दारातच थबकल्या. "फुकटचा वकील मन लावून काम करीन का?" असे त्यांना वाटत होते. मिळालेल्या वकीलबाईंनी आधी कर्जाचा खातेउतारा मागवला, एकेक आकारणी विचारली, मग लेखी उत्तर तयार करून प्रत ताईंच्या हातात दिली. सही करण्याआधी सगळे वाचून दाखवले. मला तर विश्वासू मदतीची हीच खूण वाटते. तो माणूस तुमचा कागद तुमच्या हातात ठेवतो.

पण वकील मिळाला म्हणजे कर्ज फिटत नाही. थकलेली सगळी बाकी भरल्याशिवाय खाते पुन्हा नियमित धरले जात नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ताईंनी दोन शेळ्या विकल्या, भावाने थोडे दिले, बचत गटातून थोडे उचलले. मुदत संपायला सहा दिवस होते तेव्हा पाचही हप्ते आणि वरची बाकी भरली. घर राहिले. अनाथपिंडिकाला बुद्धांनी गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख आहे. ते ताईंना मिळायला अजून सात वर्षे आहेत.

वसुलीवाल्यांविषयीही सांगतो. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करू नये, धमकावू नये, असे रिझर्व्ह बँकेचे आदेश आहेत. बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही. विधी सेवेचा फोन 15100 आहे.

सर्वात वाईट म्हणजे बँकेचा हप्ता भरायला सावकाराकडे जाणे. तो गहाण म्हणून घराचे खरेदीखतच करून घेतो, आणि पैसे परत केले तरी घर त्याच्याच नावावर राहते. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. असे कोणाचे झाले असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 च्या कलम 18 खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. मागच्या पंधरा वर्षांतला व्यवहार चालतो. चौकशीत तो सावकारीचा ठरला तर खरेदीखत रद्द होऊन घर परत मिळू शकते. अर्जासोबत चिठ्ठी, वहीचे पान, साक्षीदार, असेल तो पुरावा जोडावा. झेरॉक्स द्यावी, मूळ कागद घरी ठेवावा.