शाबितीचा भार

चि. सौ. ताई,

तुझे पत्र परवा पोचले. वाढदिवसाच्या दिवशी शेंदरी केक, हिरव्या गोळ्या आणि नारिंगी सरबत पोटात गेल्यावर सायंकाळभर घर डोक्यावर घेणाऱ्या, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात दहा मिनिटेही एका जागी न बसल्याबद्दल बाईंची चिठ्ठी घेऊन आलेल्या बाळाविषयी तू लिहिलेस, आणि शेवटी विचारलेस, ‘हा मुळातच द्वाड आहे, की त्या रंगांनी त्याला तसे केले?’ ज्याने उभा जन्म शाळेत रसायनशास्त्र शिकविण्यात घालविला, त्याने आपल्या लेकीच्या अशा प्रश्नाला तर्काने नव्हे, पुराव्याने उत्तर दिले पाहिजे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

१८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन हिवतापावरील क्विनीन कृत्रिम रीतीने बनवू पाहत असता, दगडी कोळशाच्या डांबरातून निघालेल्या द्रव्यापासून त्याच्या हाती औषधाऐवजी जांभळा रंग लागला. त्यातून उभ्या राहिलेल्या उद्योगाचे रंग कापडावर चढले आणि पुढे आपल्या ताटातही उतरले. या रंगांना ना रुची, ना पोषण. निस्तेज मालाला टवटवी आणणे, आणि ज्यात फळाचा थेंबही नाही अशा सरबताला फळाचे सोंग देणे, एवढेच त्यांचे प्रयोजन.

त्यांच्याविरुद्धची फिर्याद ठळकपणे मांडली ती सॅन फ्रान्सिस्कोचे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ डॉ. बेंजामिन फाइनगोल्ड यांनी, १९७० नंतरच्या दशकात. आहारातून कृत्रिम रंग काढताच अनेक चंचल मुले शांत होतात, हा त्यांचा दावा मोठा होता. मागाहूनच्या काटेकोर प्रयोगांत तो तेवढ्या प्रमाणात टिकला नाही, पण पुरता खोटाही ठरला नाही.

तोलामोलाची साक्ष २००७ साली इंग्लंडातील साउथॅम्प्टन विद्यापीठातून आली. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ अशी सर्वसामान्य मुले घेऊन त्यांना काही आठवडे रोज फळांचा रस देण्यात आला. त्यात कधी ठराविक सहा कृत्रिम रंगांपैकी काही आणि सोडियम बेंझोएट हे परिरक्षक मिसळलेले असे, कधी यांतले काहीच नसे, आणि कोणत्या आठवड्यात कोणता रस, याची वार्ता ना मुलांना होती, ना आईबापांना, ना शिक्षकांना. ही खबरदारी अगत्याची होती; कारण रंगीत खाऊ दिल्याचे ज्या आईला ठाऊक आहे तिला मुलाची प्रत्येक उडी रंगाचीच वाटते, आणि वाढदिवसाची गर्दी, गाणी व जागरण यांचा हिशेब मागे राहतो. निष्कर्ष असा, की रंग घेतलेल्या मुलांची चंचलता सरासरीने थोडी, पण निश्चित वाढली. मात्र सर्व मुलांवर परिणाम सारखा नव्हता, आणि परिरक्षकही सोबत असल्याने सारा दोष एकट्या रंगांवर लादता येत नाही.

या पुराव्यावर युरोपीय संघाने जुलै २०१० पासून त्या सहांपैकी कोणताही रंग असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर, मुलांच्या हालचालींवर व अवधानावर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापणे सक्तीचे केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने मात्र २०११ मध्ये कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नसल्याचे म्हटले. तर २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या शासकीय अहवालाने काही मुलांवर असा परिणाम होतो, असे मान्य केले.

त्या सहांपैकी टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसीन आणि पॉन्सो ४आर यांना आपल्याकडेही कायद्याची परवानगी आहे. पुड्यावरील बारीक अक्षरांत १०२, ११०, १२२ आणि १२४ हे आकडे दिसले, तर ते हेच, असे समज. जत्रेतल्या उघड्या मालाचा धोका निराळाच: म्हातारीच्या केसांत र्‍होडामाइन-बी हा खाण्यास मनाई असलेला, कापड रंगविण्याचा रंग सापडल्यावरून २०२४ च्या फेब्रुवारीत तामिळनाडू सरकारला ती मिठाईच बंद करावी लागली.

तेव्हा ताई, बाळाचा सारा स्वभाव त्या केकने घडविला असे मी म्हणणार नाही, आणि त्याला द्वाडही म्हणू देणार नाही. चार आठवडे हे रंग घरातून दूर ठेव, झोप आणि खेळ यांची वेळ नीट सांभाळ, आणि रोज काय दिसले ते वहीत टिपून ठेव. तरीही त्याचे चित्त स्थिर राहत नसेल, तर विलंब न करता बालरोगतज्ज्ञांस दाखव. पुढच्या वाढदिवसाला तुझ्या आईच्या हातचे आमसुलाचे सरबत आणि केशर घातलेले श्रीखंड कर. त्या ताटाला रंगाची वाण पडणार नाही.

न्यायाची गोष्ट एवढीच, की शाबितीचा भार मुलावर टाकू नये. जो पदार्थ मुलाला काहीच देत नाही, त्याने आपली निर्दोषता आधी सिद्ध करावी. तोवर संशयाचा फायदा मुलाला मिळाला पाहिजे.

तुझे,
बाबा