आतला रंग

हळकुंड मोडून आतला रंग पाहावा, ही सांगलीच्या हळदपेठेची रीत. मुलगा खेळांसाठी संगणक जुळवू इच्छितो, तेव्हा वडिलांनी तीच पारख शिकवावी. रकमेचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला जावा. खेळातील चित्र तेच घडवते. १६ जीबीच्या एका मेमरी-पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी माहिती वेगाने वाहते. रंगीत दिव्यांच्या पेटीवाचून खेळ अडत नाही. पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर नको. निकृष्ट असल्यास तो बिघडताना इतर भागही जाळू शकतो.

सांगली असो वा सातारा, वडिलांनी नुसता नकार देऊ नये. रक्कम ठरवून द्यावी आणि प्रत्येक भागाचे कारण विचारावे. कोठे खर्चावे, कोठे हात आवरावा, हे उमगलेल्या मुलाच्या हाती उद्या पेढीची किल्ली निर्धास्तपणे देता येते.