१ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच

मी मराठी शिकवतो. जव्हारला मुख्य कार्यालय आणि मोखाड्याला शाखा असलेल्या एका शिक्षणसंस्थेत. तिचे नाव सांगण्याचे इथे कारण नाही. संगणकाचे जाळे सांभाळणारा तरुण दुसरीकडे रुजू झाला आणि 'तुम्हाला टंकलेखन येते' एवढ्या पात्रतेवर ते काम माझ्या गळ्यात पडले. तो जाताना एक प्रणाली चालू करून गेला होता. जाळ्यावर कोणकोणती यंत्रे आहेत, याचा ती रोज ठरावीक वेळी शोध घेते आणि प्राचार्यांच्या मेजावर एक तक्ता पाठवते.

हा शोध म्हणजे काय, ते समजायला मला आठवडा लागला. प्रणाली प्रत्येक पत्त्यावर एक छोटी हाक पाठवते आणि उत्तराची काही क्षण वाट पाहते. या हाकेला 'पिंग' म्हणतात. माइक मूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ साली हे साधन लिहिले आणि पाणबुड्यांच्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिले. उत्तर आले की तक्त्यात 'सापडले'. तीन हाकांना उत्तर आले नाही की 'सापडले नाही'. माझ्या मते सारा घोटाळा या दुसऱ्या शब्दप्रयोगात आहे. यंत्राने खरे म्हणजे 'मला उत्तर मिळाले नाही' एवढेच म्हणायला हवे.

मोखाड्याला चौदा संगणक. त्यांतले कार्यालयातले पाच रोज 'सापडले', प्रयोगशाळेतले नऊ रोज 'सापडले नाहीत'. वेळ सकाळी ११. दोन आठवडे असे तक्ते आल्यावर तिथल्या परिचरांना खुलासा मागणारे पत्र गेले : प्रात्यक्षिकाच्या वेळी आपण प्रयोगशाळा बंद ठेवता आणि हजेरीच्या वहीत खोट्या नोंदी करता, असे निदर्शनास आले आहे. परिचरांना सगळे 'मामा' म्हणतात. निवृत्तीला दीड वर्ष उरलेले. त्यांनी मला फोन केला. "सर, अकरा वाजता मुलं बसलेली असतात. वहीत त्यांच्या सह्या आहेत. मी दार लावतो ते चार वाजता, पोरांना एस.टी. मिळावी म्हणून. यंत्र खोटं बोलतं का?"

याचे उत्तर मला देता येईना. एकीकडे मुलांच्या हातच्या सह्या, दुसरीकडे छापील तक्ता. आणि कार्यालयात छापील कागदाचे वजन नेहमीच जास्त असते.

मराठीच्या अध्यापकाला अशा वेळी राजवाडे आठवावेत, यात नवल नाही. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर प्रहार केले आणि अस्सल पत्रांची बाजू घेतली. बखर घडून गेल्यावर, कुणासाठी तरी लिहिली जाते. पत्र त्या दिवशीच्या कामापुरते असते. प्राचार्यांच्या मेजावरचा तक्ता ही बखर होती. मग तिचे दप्तर कुठे असेल? ते लॉगमध्ये होते. हा शब्दही मूळचा ओंडक्याचा. गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून खलाशी तो पाण्यात सोडत, जहाजाचा वेग मोजत आणि वहीत लिहीत. त्या वहीला ओंडक्याचे नाव पडले आणि पुढे संगणकाने ते उचलले.

आमच्या प्रणालीच्या लॉगमध्ये पहिल्या दिवशी काहीच सापडले नाही. अशा नोंदींच्या गांभीर्याच्या शून्य ते सात अशा आठ पायऱ्या असतात आणि आमची प्रणाली फक्त वरच्या पायऱ्यांवरचे, म्हणजे मोठे बिघाड तेवढे लिहीत होती. मी ती सातव्या पायरीवर, 'डीबग'वर, आणली. दुसऱ्या दिवशी हजारो ओळी. त्या वाचायला चिकाटी लागते. पण हस्तलिखितांचे पाठभेद ज्याने जुळवले आहेत, त्याला ही चिकाटी नवी नाही. मोखाड्याचा राउटर उत्तर देत होता, म्हणजे वाट शाबूत. कार्यालयातले पाचही बोलत होते. नऊ यंत्रांपुढे मात्र हाक, हाक, हाक, आणि मग 'टाइमआउट'. (अकरा वाजता स्वतःच बसून एकदा शोध चालवला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण अकराला माझा तास असतो, आणि खरे सांगायचे तर मला ते सुचलेही नाही.)

शेवटी मोखाड्याच्या राउटरचा स्वतःचा लॉग मागवला. आदल्या दिवशी वादळात तिथली वीज गेली होती. वीज परत आल्यानंतरच्या पहिल्या ओळींवर तारीख होती : १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच.

संगणकाच्या कालगणनेचा हा शकारंभ. युनिक्स आणि तिच्या वंशातल्या प्रणाली १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. ज्या यंत्रातल्या घड्याळाला बॅटरी नसते ते वीज गेली की काळ विसरते, आणि खरी वेळ विचारून मिळेपर्यंत शकारंभच लिहीत बसते. आमच्या भागात याला जोड आहे. जन्माची नोंद नसलेले मूल शाळेत आले की गुरुजी अदमासाने वर्ष धरत आणि १ जून लिहून टाकत. आमच्या पटावर असे कितीतरी १ जून आहेत. मामांचाही त्यातलाच. त्याच तारखेवरून त्यांची निवृत्ती ठरलेली.

पण मध्यरात्र म्हटली तर साडेपाच का? ती मध्यरात्र ग्रिनिचची. भारतीय घड्याळात तेव्हा साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे राउटर भारतीय वेळेने लिहीत होता. मग जव्हारचा सर्व्हर? दोन्ही लॉग शेजारी ठेवले. सर्व्हर म्हणत होता, ११ वाजून ४ मिनिटांनी हाक दिली. राउटर म्हणत होता, ती हाक ४ वाजून ३४ मिनिटांनी आली. फरक साडेपाच तासांचा. सर्व्हर बसवताना त्याचे घड्याळ ग्रिनिचवरच राहिले होते, आणि त्याच्या जुन्या नोंदपद्धतीत ना सालाला जागा ना वेळेच्या पट्ट्याला. ती सोय २००९च्या नव्या नियमावलीत आली. आमची प्रणाली रोज दुपारी साडेचारला, प्रयोगशाळेला कुलूप लागल्यावर अर्ध्या तासाने, दार ठोठावत होती.

ते वाचताना मला पाड्यांवरची पाहणी आठवली. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. होळीला चार दिवस येतात, पुन्हा जातात. त्या महिन्यांत कुणी यादी घेऊन आला तर तो 'घर बंद' असे लिहितो. पुढच्या कागदावर त्याचे काय होते, हे इथल्या शाळांत शिकवणाऱ्यांना ठाऊक आहे. कुणी केव्हा विचारायला गेले होते, हे त्या कागदावर नसते.

सर्व्हरची वेळ दुरुस्त करायला एक ओळ पुरली. दुसऱ्या दिवशी चौदाही यंत्रे 'सापडली'. दोन्ही लॉगचे उतारे, साडेपाच तासांच्या फरकाखाली रेघ मारून, मी प्राचार्यांपुढे ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि "विषय संपला, त्यांना कळवा" असे म्हणाले. मी फोन केला. मामा थोडा वेळ गप्प होते.

"सर, मागे घेतलं ते तोंडी झालं. पत्र माझ्या फायलीत आहे. मागे घेतल्याचंही पत्र द्या."

ते निघायला तीन आठवडे लागले. जावक क्रमांक पडल्यावर मी तो स्वतः पाहिला, तारखेसह.