वेल्ह्याच्या आभाळातला जुळा क्वेसार

सप्तर्षींकडचा फोटो घ्यायचा तर भोरपेक्षा वेल्हे बरं. भोरहून पुणं थेट उत्तरेला येतं आणि शहराचा उजेड नेमका त्यांच्या खाली पसरतो. वेल्ह्यातून तो ईशान्येला राहतो. मध्यरात्रीनंतर सप्तर्षींचा पुढचा भाग वायव्येला कलला की काळोख हाती लागतो.

मला हवा असतो जुळा क्वेसार. शेजारची एनजीसी 3079 ही चातीसारखी लांबट दीर्घिका सापडली की निम्मं काम झालं. मग गाइड कॅमेरा एका ताऱ्यावर खिळवायचा आणि तीन-तीन मिनिटांच्या फ्रेम घेत राहायचं. दोन ठिपक्यांत अंतर अवघं सहा विकला, म्हणजे अंशाचा सहाशेवा भाग. तापलेला कातळ निवेपर्यंत हवा थरथरते नि ठिपके एकमेकांत मिसळतात. त्या फ्रेम मी ठेवत नाही.

1979 साली वॉल्श, कार्सवेल आणि वेमन यांना दोन्ही ठिपक्यांचे वर्णपट सारखेच आढळले. क्वेसार एकच होता. त्याचा प्रकाश निघाला सुमारे नऊ अब्ज वर्षांपूर्वी. वाटेतल्या एका भल्यामोठ्या दीर्घिकेने तो दोन वाटांनी वळवला. सूर्य आपल्या कडेजवळून जाणारा किरण पावणेदोन विकला वाकवतो, याचा पुरावा 1919 च्या ग्रहणात मिळाला होता. इथे वाकवणारी दीर्घिका माझ्या फोटोत उमटतच नाही, तरी तिचं वस्तुमान त्या सहा विकलांत मोजता येतं. या छंदात याहून मोठं काही मला मिळालेलं नाही.

दोन वाटांची लांबी वेगळी, शिवाय दीर्घिकेजवळून जाणारा प्रकाश जास्त रेंगाळतो. डिसेंबर 1994 मध्ये ‘अ’ प्रतिमेची चमक एकाएकी उतरली, तेव्हा ‘ब’ची कधी उतरेल याचं भाकीत करता आलं. फेब्रुवारी 1996 मध्ये ती खरोखर उतरली. फरक 417 दिवसांचा.

प्रकाश वाकवणाऱ्या दीर्घिकांची अशी भिंगं शोधायला वेधशाळाच हवी असंही नाही. आयुकातल्या अनुप्रीता मोरे ज्याच्या प्रमुखांपैकी एक आहेत, त्या ‘स्पेस वॉर्प्स’ने 2013 पासून हजारो हौशी लोकांना छायाचित्रांतून ती शोधायला लावलं.

मी मात्र या एकाच जोडीला धरून आहे. दर फ्रेममध्ये दोन्ही ठिपक्यांची चमक शेजारच्या ताऱ्यांशी ताडून लिहून ठेवतो. ‘अ’ने यंदा फेब्रुवारीत जे केलं, ते ‘ब’ पुढल्या एप्रिलात करील. वळिवाचे ढग लवकर आले नाहीत तर तेही वेल्ह्यातूनच टिपता येईल.