लेहरा गिटारचा, वादन ड्रमचं

डॉन कॅबालेरो हा अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा बँड 1991 मध्ये उभा राहिला. गाण्याला शब्द नाहीत. गिटार, बेस आणि ड्रम एवढाच संसार. रॉकची सरळ चार मात्रांची चाल मोडून पाच, सात, अकरा मात्रांचे तुकडे जोडत जाणाऱ्या या शैलीला मॅथ रॉक म्हणतात. रायपूरजवळच्या अभनपुरात राहून मी हे संगीत मन लावून ऐकत आलो आहे. त्या ऐकण्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: तबला ऐकून तयार झालेल्या मराठी कानाला या संगीतात शिरायला दार आहे, फक्त टाळी धरण्याचा हट्ट त्याने उंबऱ्याबाहेर ठेवावा.

पाश्चात्त्य रॉकमध्ये सात मात्रा म्हणजे मुद्दाम केलेली वाकडी चाल. आपल्याकडे तीन-दोन-दोन असा रूपक गझलेला आणि भावगीताला सहज साथ देतो, आणि त्यात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, ‘खाली’ (टाळीविना मात्रा) येते, तरी कुणी अडखळत नाही. म्हणजे विषम मात्रा मुळात अवघड नाहीत, सवयीचा प्रश्न आहे. पण खरं साम्य याहून खोल आहे. या बँडच्या 2000 सालच्या ‘अमेरिकन डॉन’ या अल्बममध्ये इयन विल्यम्स गिटारचा छोटा तुकडा यंत्रात धरून ठेवतो, तो फिरत राहतो आणि त्यावर दुसरा तुकडा चढतो. ड्रमवादक डेमन शे मात्र नुसता ठेका धरून बसत नाही. वाढवणं, मोडणं, पुन्हा बांधणं ही कामं ड्रमच करतात. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियम किंवा सारंगी लेहरा, म्हणजे फिरत राहणारी धून, धरते आणि तबला बोलतो. इथेही कामाची वाटणी जवळपास तीच आहे. कोणत्या वाद्याकडे कान लावायचा, हे एकदा कळलं की गोंगाट वाटणारं वादन उलगडू लागतं.

याचा अर्थ हे सगळं आपल्याकडून गेलं, असा काढू नये. अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइश 1970 मध्ये घानाला जाऊन ढोलवादन शिकला. त्याच्या 1972 च्या ‘क्लॅपिंग म्युझिक’मध्ये दोघे बारा मात्रांचा एकच बोल टाळ्यांनी वाजवतात, एक जण स्थिर राहतो, दुसरा एकेक मात्रा सरकत शेवटी पुन्हा त्याच्याशी जुळतो. किंग क्रिमसनच्या 1981 च्या ‘डिसिप्लिन’मध्ये दोन गिटार असंच एकमेकींपासून सुटतात आणि भेटतात. मॅथ रॉकची पूर्वपीठिका अशा कामांत आहे. भारतीय धागाही आहे, पण तो वेगळा दाखवावा लागतो: गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनने महाविष्णू ऑर्केस्ट्रा आणि शक्ती या बँडमधून आपल्या लयविचाराशी नातं जोडलं, आणि शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू पुढे त्याच्या त्रिकुटात वाजवू लागले. कान जुळतात म्हणून उगम एक ठरत नाही. श्रेय पुराव्यानेच मागावं.

या संगीतावर एक आक्षेप असा की हे कोरडं गणित आहे, यात भाव कुठे? हा आक्षेप तबल्यावरही घेतला गेला आहे. तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर येणारा तुकडा, हिशेबाशिवाय बसत नाही, पण दाद हिशेबाला मिळत नाही. ताणलेली लय समेवर सुटते त्या क्षणाला मिळते. मॅथ रॉकमध्ये ही सम आधी जाहीर नसते, कारण आवर्तनाची लांबीच मधे बदलते. इथे आपलं साम्य संपतं आणि टाळी धरणारा चुकतो. त्याऐवजी एक तुकडा ओळखून ठेवावा आणि तो परत येण्याची वाट पाहावी. तो बदललेल्या ड्रमवर परत येतो तेव्हा होणारा आनंद भावाचाच असतो. नुसती गुंतागुंत दाखवणारे बँडही आहेत, हे मान्य. पण अशा तबलजींमुळे आपण तबला नाकारत नाही.

छत्तीसगढला लयीचं वावडं कधीच नव्हतं. रायगढचे राजा चक्रधर सिंह यांनी ‘तालतोयनिधि’सारखा ग्रंथ सिद्ध केला, आणि खैरागढच्या संगीत विश्वविद्यालयाचं कुलगुरुपद श्रीकृष्ण रातंजनकरांनी सांभाळलं. म्हणून इथल्या मराठी मंडळांना माझी विनंती आहे की गणेशोत्सवातली एक संध्याकाळ निव्वळ वाद्यसंगीताला द्यावी. त्यात तबल्याचं एकल वादन आणि गिटार वाजवणाऱ्या मुलांचा बँड एकाच मंचावर, एकापाठोपाठ ऐकवावा.