कपिलाषष्ठी आणि निळा चंद्र

एखादी गोष्ट मनापासून हवी असावी आणि ती वारंवार मिळूं नये, हा अनुभव जगांतल्या सर्व भाषांना सारखाच ठाऊक आहे. परंतु त्या अनुभवाला प्रत्येक भाषेनें चढविलेला वेष मात्र निराळा असतो. फार दिवसांनीं एखादा आप्त दारांत उभा राहिला, म्हणजे आपल्या घरांतलीं वडील माणसें 'आज कपिलाषष्ठीचा योग म्हणायचा!' असें म्हणून त्याचें स्वागत करतात. कोणी त्याला उंबराचें फूल म्हणतात. इंग्रज गृहस्थ अशा वेळीं निळ्या चंद्राची आठवण काढतो व 'वन्स इन अ ब्लू मून' असें म्हणतो. घरांतल्या मुलांना इंग्रजी शिकवितांना हे वाक्प्रचार नेहमीं पुढें येतात, आणि दर वेळीं मला असें वाटतें कीं, विरळपणा सांगणारे शब्द नुसती संख्या सांगत नाहींत. बोलणाराच्या मनांतली अपेक्षाहि सांगतात.

निळ्या चंद्राचीच गोष्ट घ्या. सोळाव्या शतकांत चंद्राला निळा म्हणणें म्हणजे इंग्रजींत धडधडीत असंभाव्य गोष्ट बोलणें होतें. हळूहळू 'कधींच नाहीं' हा अर्थ सौम्य होऊन 'फार क्वचित्' असा झाला. १८८३ सालीं क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, तेव्हां हवेंत पसरलेल्या सूक्ष्म कणांमुळें अनेक ठिकाणीं चंद्र खरोखरीच निळसर दिसला. हल्लीं एकाच इंग्रजी महिन्यांत येणाऱ्या दुसऱ्या पौर्णिमेस हें नांव देतात. त्याचें मूळ मोठें मौजेचें आहे. जुन्या अमेरिकन पंचांगाचा नियम एका लेखकानें चुकीचा लावला, तो १९४६ सालीं 'स्काय अँड टेलिस्कोप' या मासिकांत छापला गेला, आणि त्या मासिकानें ती चूक १९९९ सालीं स्वतःच उघड केली. तोंवर चुकीचा अर्थच लोकांच्या अंगवळणीं पडला होता!

या दुसऱ्या पौर्णिमेचें गणित आपल्या गृहिणींना परकें वाटूं नये. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात. त्यामुळें १९ वर्षांच्या २२८ इंग्रजी महिन्यांत पौर्णिमा येतात २३५. उरलेल्या सात पौर्णिमांना कोणत्या तरी महिन्यांत दाटीनें बसावें लागतें. आपले अधिक मासहि १९ वर्षांत सातच येतात, आणि तेहि याच हिशेबानें. एकाच आकाशाचा हा एकच हिशेब. पण इंग्रजीनें त्याला विरळपणाचें नांव दिलें, आणि आपण जांवयाला अनारशांचें वाण देऊन वर 'दुष्काळांत तेरावा महिना' अशी कुरकुरहि केली.

कपिलाषष्ठीचा थाट याहून मोठा. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतीपात योग आणि हस्त नक्षत्रीं सूर्य, एवढीं सर्व एकत्र जमावीं लागतात. निळा चंद्र दोन-तीन वर्षांनीं भेटतो. कपिलाषष्ठीची वाट कित्येक वर्षें पाहावी लागते. तरीहि भाषांतर करतांना आपण एकीच्या जागीं दुसरा बसवितों, आणि तें बरोबरच असतें. कारण बोलणारानें पंचांग उघडलेलें नसतें. 'तूं यावेंस असें फार दिवस वाटत होतें' एवढेंच त्याला सांगावयाचें असतें.

या चित्रमय वाक्प्रचारांपेक्षां लहान शब्दच विद्यार्थ्यांना अधिक अडवितात. 'सेल्डम', 'रेअरली', 'हार्डली' हे शब्द दिसावयास साधे, पण त्यांच्या पोटांत नकार दडलेला असतो. आपल्या 'सहसा' या शब्दाला सोबतीस 'नाहीं' लागतें. आपण 'तो सहसा येत नाहीं' असें म्हणतों. ती संवय घेऊन मराठी मुलगा 'ही सेल्डम डज नॉट कम' असें लिहितो, आणि दोन नकार एकमेकांवर आदळून 'तो बहुधा येतोच' असा उलटा अर्थ होऊन बसतो. वास्तविक 'ही सेल्डम कम्स' एवढेंच पुरे. हाच शब्द वाक्याच्या आरंभीं ठेवला, तर साहाय्यक क्रियापदाला कर्त्याच्या आधीं यावें लागतें: 'सेल्डम हॅव आय सीन', जणूं कांहीं प्रश्नच विचारला आहे.

'रेअर' आणि 'स्कार्स' या जोडीचें अंतर तर शब्दकोशापेक्षां संसारांत लवकर कळतें. जें थोडें आहे म्हणून मोलाचें वाटतें, तें 'रेअर'. जें गरजेपुरतेंहि मिळत नाहीं, तें 'स्कार्स'. जुनी पोथी 'रेअर' असते. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत धान्य 'स्कार्स' होतें. त्याला 'रेअर' म्हणणें भुकेची थट्टा ठरेल. अमेरिकन माणूस कोंबडीच्या दांतांइतकी दुर्मिळ वस्तु म्हणतो, तेव्हां ती शोधून सांपडणारच नाहीं असें समजावें. कोंबडीला दांत नसतातच.

आणखी एक जोडी 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांची. मोजले तर दोहोंची संख्या एकच असूं शकेल. पण पहिल्यांत खंत आहे आणि दुसऱ्यांत समाधान. मराठींत या दोहोंचें काम आपण 'चार' या एका शब्दावर भागवितों. 'चार दिवस राहून जा' यांत आग्रह असतो, आणि 'काय ते चार दिवस राहिलास!' यांत रुसवा. काम स्वरानें होतें. कागदावर तो स्वर उतरत नाहीं.

याची प्रचीति मला कांहीं वर्षांपूर्वीं आली. आमच्या काकूंचा नातू परदेशांत जन्मला आणि तेथेंच वाढला. त्याला मराठी वाचतां येत नाहीं. टेलिफोनवर बोलणें होई, परंतु काकूंना हातांत धरावयाला कागद हवा असे. त्याचीं इंग्रजी पत्रें मीं मराठींत वाचून दाखवावीं आणि काकूंनीं सांगितलेलें उत्तर मीं इंग्रजींत लिहावें, असा आमचा शिरस्ता होता. एके दिवशीं त्यांनीं सांगितलें, "लिही, वर्षांत तुझीं चार पत्रें आलीं." मीं लेखणी थांबवून विचारलें, "काकू, चारच आलीं असें लिहूं, कीं चार तरी आलीं असें?" काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तक्रार नको रे. लेकराला वाईट वाटेल. पण मी मोजतें, हें मात्र त्याला कळूं दे."

'फ्यू' लिहावें तर तक्रार होत होती. 'अ फ्यू' लिहावें तर मोजणें लपत होतें. शेवटीं मीं 'रेअर' हा शब्द पत्करला. तुझीं पत्रें 'रेअर' आहेत आणि आजी तीं एकूणएक जपून ठेवते, असें लिहिलें. विरळपणा आणि मोल हीं दोन्ही त्या एका शब्दांत शेजारीं शेजारीं बसलीं. मीं त्याचा मराठी अर्थ सांगितल्यावर काकूंनीं मान हलविली आणि कागदावर थरथरत्या हातानें सही केली. पुढचें पत्र महिन्याच्या आंत आलें. त्यांत क्षमायाचना नव्हती. खिडकींतून दिसणाऱ्या झाडाचें वर्णन होतें, आणि आजीला कळावें म्हणून काढलेलें त्याचें चित्र.

विरळपणाचा विचार करतांना इंग्रजींतला काळा हंस विसरून चालणार नाहीं. जुव्हेनाल या रोमन कवीनें सर्वगुणसंपन्न पत्नीला काळ्या हंसासारखा विरळा पक्षी म्हटलें; आमच्या वाचक भगिनींनीं त्याला क्षमा करावी! काळा हंस जगांत नाहींच, असें युरोपांतले लोक शतकानुशतकें धरून चालले होते. १६९७ सालीं डच दर्यावर्दी व्लामिंग याच्या लोकांना पश्चिम ऑस्ट्रेलियांतल्या एका नदींत ते थव्याथव्यांनीं पोहतांना दिसले. २००७ सालीं नसीम तालेब यांचें त्याच नांवाचें पुस्तक निघाल्यापासून अकल्पित घडणाऱ्या मोठ्या घटनेला व्यापारी लोकहि काळा हंस म्हणूं लागले आहेत. परंतु त्या नदीच्या कांठीं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या नूनगार लोकांना या पक्ष्यांत नवल कसलें? त्यांच्या दृष्टीनें हंस म्हणजे काळाच.

विरळपणा वस्तूंत थोडा आणि पाहणाराच्या जागेंत पुष्कळ असतो. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आपल्याला सकाळची देवघरांतली घंटा, ओसरीवरचे वाद, पंगतींतला आग्रह यांचा कधीं कधीं कंटाळा येतो. दूरदेशीं एकट्या खोलींत राहणाऱ्या आपल्याच एखाद्या मुलाला याच गोष्टींसाठीं कपिलाषष्ठीची वाट पाहावी लागत असेल. त्याला पत्र लिहितांना त्या घंटेचा, त्या वादांचा उल्लेख अवश्य करावा.