वेवेतला डबा आणि सिंदीचं पीठ

स्वित्झर्लंडमधल्या वेवेत राहायचं म्हणजे नेस्लेच्या गावात राहायचं. कंपनीचं मुख्यालय इथेच, सरोवराकाठी. तिच्याच खाद्य-संग्रहालयासमोर पाण्यात आठ मीटर उंचीचा काटा उभा आहे. आंरी नेस्लेने 1867 मध्ये याच गावात दूध, भाजक्या पावाचं पीठ आणि साखर मिसळून तान्ह्यांसाठी पूड केली. ज्यांना आईचं दूध मिळत नव्हतं, त्यांना तिचा मोठा आधार झाला. ते श्रेय त्याचं आहेच.

माझ्या सात महिन्यांच्या लेकीचं जेवण मात्र वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेहून येतं. आई तांदूळ आणि मूगडाळ धुऊन सावलीत वाळवते, मंद आचेवर वेगवेगळी भाजते आणि चिमूटभर जिरं घालून रवाळ दळते. भाजल्यामुळे ते लवकर शिजतं, पचायलाही हलकं. इथल्या बालसल्ला केंद्रातल्या परिचारिकेने पीठ चिमटीत घेऊन पाहिलं आणि पसंत केलं. घट्ट शिजवा, वरून थोडं तेल किंवा तूप सोडा, मीठ-साखर नको, वर्षाच्या आत मध तर मुळीच नको, एवढंच तिचं सांगणं. आमच्याकडे उष्टावण झालं की वरणाचं पाणी सुरू होतं. त्याने इवलंसं पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. फोनवर आईला हे सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, "मग डाळच घोटून दे ना वं माय, पानी कायले पाजाचं?"

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. एप्रिल 2024 मध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने दाखवून दिलं, की भारतात तपासलेल्या नेस्लेच्या सगळ्या सेरेलॅकमध्ये वरून घातलेली साखर होती, एका वेळच्या खाण्यात सरासरी जवळजवळ तीन ग्रॅम. स्वित्झर्लंडमध्ये मात्र याच कंपनीची बाळांची प्रमुख खाद्यं साखर न घालता विकली जात होती. इथल्या बाळाला नको ती साखर वर्ध्याच्या बाळाला का? गोडाची चटक याच वयात लागते. ओरड झाल्यावर त्याच वर्षी कंपनीने भारतातही रिफाइन्ड साखर नसलेले प्रकार आणले. म्हणजे ते आधीही जमलं असतं.

भारतात 1992 पासून कायदा आहे. दोन वर्षांखालच्या बाळांच्या खाद्यांची जाहिरात आज करता येत नाही. पण दुकानातला डबा कोणी ना कोणी घेतोच. आईच्या शेजारच्या घरात नुकतंच बाळ झालंय. त्या सुनेला मी निरोप धाडलाय: घेतलास तर डब्याच्या मागची बारीक अक्षरं आधी वाच, आणि पीठ कसं दळायचं ते आईला विचार.